गाण्यानं देव उतरतो, असं बाविसावं स्तोत्र म्हणत नाही

आपल्या मंडळ्यांमध्ये एक शिकवण इतकी रुळली आहे, की ती तपासून पाहावी असं आता कुणाला वाटतही नाही. देव आपल्या लोकांच्या स्तुतीत वस्ती करतो, म्हणून आपण स्तुती केली की त्याची उपस्थिती खाली उतरते. स्तुती जितकी मोकळी आणि जोरकस, तितकी उपस्थिती दाट. उपासना सुरू होताना माइकवरून हे सांगितलं जातं, तरुणांच्या शिबिरात शिकवलं जातं, गायनाच्या सरावाला आलेल्या पोरांच्या मनावर ठसवलं जातं. आधार म्हणून दरवेळी एकच वचन पुढे येतं, स्तोत्र २२ मधलं तिसरं. देव पवित्र आहे आणि इस्राएलाच्या स्तवनांमध्ये त्याचं आसन आहे, अशा आशयाचं.

या शिकवणीला माझा विरोध आहे. ती या वचनाच्या आधारावर उभी राहत नाही आणि तिनं माणसं दुखावली जातात. गाण्याला मात्र माझा विरोध नाही. मी स्वतः गातो, आणि रविवारी सगळी मंडळी एका सुरात आली की मलाही भरून येतं.

हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘वस्ती करणे’ की ‘आसनस्थ होणे’, यावर बराच काथ्याकूट झालेला आहे. त्यात मी शिरत नाही. प्रतिपक्षाला हवा तो अनुवाद घेऊ द्या, माझ्या म्हणण्यात काही फरक पडत नाही. मी एवढंच विचारतो, की हे वचन कोण उच्चारतो आहे आणि कुठल्या अवस्थेत?

स्तोत्र पहिल्यापासून वाचा. पहिल्याच वचनात हा माणूस देवाला विचारतो, की तू मला का टाकलंस. दुसऱ्यात म्हणतो, दिवसा हाक मारतो तर उत्तर नाही, रात्री मारतो तर जिवाला स्वस्थता नाही. मग तिसरं वचन येतं. चौथ्या आणि पाचव्यात त्याला पूर्वज आठवतात: त्यांनी भरवसा ठेवला, त्यांनी हाक मारली, ते सुटले. आणि सहाव्यात तो पुन्हा कोसळतो, मी माणूस नव्हे, किडा आहे म्हणतो. पुढे बैल घेरतात, कुत्री वेढतात, हाडं निखळतात, टाळूला जीभ चिकटते, अंगावरचे कपडे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले जातात. ‘दूर राहू नकोस’ ही विनवणी तो अकराव्या वचनात करतो आणि एकोणिसाव्यात पुन्हा करतो.

म्हणजे देवाची उपस्थिती जाणवत नाही, असं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वचन आहे. तो ते तक्रारीच्या मधोमध उच्चारतो: तू तर इस्राएलाच्या स्तवनांवर विराजमान असलेला, आमच्या वाडवडिलांनी हाक मारली तेव्हा धावून गेलेला, मग मला उत्तर का देत नाहीस? या वचनातून उपस्थिती खेचून आणण्याचा उपाय निघत असता, तर तो सर्वांत आधी याच माणसाला गवसला असता. त्यानं तिसऱ्या वचनात स्तवनांचा उल्लेख केला आहे आणि सहाव्यात तो अजून धुळीतच आहे. एक वचन उचलून भिंतीवर लावायचं आणि त्याच्या मागचीपुढची खोडून टाकायची, ही रीत आपण इतर कुणाच्या लेखनाबाबत खपवून घेतली नसती.

ही शिकवण आली कुठून, तेही पाहिलं पाहिजे, कारण ती प्रेषितांपासून चालत आलेली आहे अशा थाटात मांडली जाते. स्तुती आणि उपस्थिती यांची आज प्रचलित असलेली जोडी विसाव्या शतकाच्या मध्याला घट्ट झाली. जानेवारी १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अबॉट्सफर्ड इथे रेग लेझेल नावाचे पेंटेकॉस्टल प्रचारक सभा घेत होते. सभा कोरड्या चालल्या होत्या. प्रार्थना करताना त्यांना हे वचन गवसलं, त्यांनी मोठ्यानं स्तुती सुरू केली आणि सभांचं रूप पालटलं, असा त्यांचा अनुभव. १९४८ मध्ये सस्कॅचवान प्रांतातल्या नॉर्थ बॅटलफर्डला जे संजीवन झालं, त्या ‘लॅटर रेन’ चळवळीतून ही शिकवण पसरली; पुढे पुस्तकांतून, परिषदांतून आणि ध्वनिफितींवरून जगभर गेली. लिम स्वी हाँग आणि लेस्टर रूथ या अभ्यासकांनी २०२१ च्या आपल्या ग्रंथात हा प्रवास तपशिलानं मांडला आहे. लेझेल यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. थकलेल्या प्रचारकाला एका वचनानं उभारी दिली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एका माणसाला एका आठवड्यात जे मिळालं, त्याचा नियम करून तो सगळ्या मंडळीवर कायमचा लादणं वेगळं. तसा नियम झाला की विजेचं बटण दाबावं आणि दिवा लागावा, तसं देवाचं येणं होऊन बसतं, आणि दिवा लागला नाही की दोष बटण दाबणाऱ्याचा ठरतो.

तो दोष कुणाच्या माथी येतो, हे मी पाहिलं आहे. पुण्याजवळच्या एका मंडळीत, भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये उपासना चालली होती. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई बसली होती. तिचा कॉलेजात जाणारा मुलगा दुचाकीच्या अपघातात जाऊन महिनाही झाला नव्हता. सगळे उभे होते, ती प्लास्टिकच्या खुर्चीत खाली पाहत पदराच्या टोकाला पीळ घालत होती. तिसऱ्या की चौथ्या गाण्यानंतर कीबोर्ड हळू वाजत राहिला आणि वर्शिप लीडर माइकवर म्हणाला, ‘‘काही जणांची तोंडं अजून बंद आहेत. तुमच्या गप्प बसण्यानं उपस्थिती अडते आहे. दुःख बाजूला ठेवा, स्तुती करा!’’ त्याला तिची हकीगत ठाऊक नसावी. ती उठली आणि तिनं हात वर केले. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. उपासना संपल्यावर चपला घालताना तिनं माझ्या पत्नीला विचारलं, ‘‘ताई, माझ्यामुळं अडलं का हो?’’

या प्रश्नाला त्या शिकवणीच्या चौकटीत एकच उत्तर आहे: होय. नियम पाळायचा तर पोटचं पोर गेलेल्या आईला सांगावं लागेल, की देव येत होता आणि तू वाटेत आलीस. स्तोत्र २२ ज्याच्या तोंडी आहे तो माणूस त्या हॉलमध्ये असता, तर तोही तिच्याच शेजारी बसला असता आणि त्यालाही हेच सुनावलं गेलं असतं, तेही त्याच्याच शब्दांचा दाखला देऊन.

प्रतिपक्षाचे दाखले मी टाळत नाही. सर्वांत वजनदार आहे तो शलमोनाच्या मंदिराचा. दुसऱ्या इतिहासाच्या पाचव्या अध्यायात आसाफ, हेमान आणि यदुथून यांच्यासह गायक उभे आहेत, १२० याजक कर्णे वाजवत आहेत, सगळे एकस्वर होतात आणि मेघ मंदिर भरून टाकतो. गाणं झालं, देव उतरला. आणखी काय पाहिजे, असं विचारलं जातं.

आणखी पाहिजे तो त्याच प्रसंगाचा दुसरा वृत्तांत. पहिल्या राजांच्या आठव्या अध्यायात हाच दिवस, हाच मेघ आहे, कराराचा कोशही आहे. याजक कोश आत ठेवून पवित्रस्थानातून बाहेर आले आणि मेघानं मंदिर भरलं, असं तिथे म्हटलं आहे. गायकांचा उल्लेखच नाही. गाण्यामुळेच मेघ आला असता, तर कारणच गाळून परिणाम कोण लिहील? इतिहासकारालाही ते कारण म्हणून सांगायचं नाही. त्याच्या वृत्तांतातही कोश आधी आत जातो आणि गाणं नंतर सुरू होतं. सीनायच्या रानात निवासमंडप पुरा झाला तेव्हा असाच मेघ आला होता. निर्गमच्या चाळिसाव्या अध्यायात त्या वेळी कुणी गायल्याची नोंद नाही. आणि मेघानं भरलेल्या त्याच मंदिरासमोर शलमोन उभा राहून विचारतो, की आकाशांच्या आकाशातही जो मावत नाही, तो मी बांधलेल्या या घरात काय मावणार. घर बांधणाऱ्या राजानं घरावरचा दावा सोडून दिला. गाणं रचणाऱ्यांनी गाण्यावरचा दावा का सोडू नये?

यहोशाफाट राजानं गायकांना सैन्यापुढे धाडलं आणि लढाई जिंकली, हाही दाखला नेहमी येतो. त्या अध्यायात गायक एकविसाव्या वचनात निघतात. त्याआधी राजा उपास पुकारतो, काय करावं सुचत नाही अशी कबुली सगळ्या लोकांसमोर देतो, आणि यहजिएल लेवीच्या तोंडून देवाचं आश्वासन येतं, की लढाई तुमची नव्हे. आश्वासन मिळालेली माणसं गात निघाली. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गायले आणि भूकंपानं दारं उघडली, हे खरंच. पण तोच पौल पुढे कैसरियात दोन वर्षं कैदेत होता. तिथे तो गायचा विसरला, असं म्हणायचं का? आणि प्रेषितांची कृत्ये यातल्या बाराव्या अध्यायात हेरोदाच्या तलवारीखाली याकोब मारला जातो. त्याची स्तुती कमी पडली, असं म्हणायचं का?

आता जे दाखले या शिकवणीच्या सभांमध्ये मी कधी ऐकले नाहीत, त्यांच्याकडे या.

पलिष्ट्यांकडून मार खाल्लेल्या इस्राएलानं शिलोहून कराराचा कोश छावणीत आणला. लोकांनी असा जयघोष केला की जमीन दणाणली. पलिष्टीसुद्धा घाबरले, छावणीत देव आला आहे म्हणाले. पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात पुढे काय होतं? इस्राएलाचे ३०,००० पायदळ पडतात, कोश शत्रूच्या हाती जातो, ही बातमी ऐकून म्हातारा एली आसनावरून मागे पडून मरतो, आणि त्याची सून मरता मरता आपल्या मुलाचं नाव ईखाबोद ठेवते, कारण वैभव इस्राएलातून गेलं आहे. जमीन दणाणवणारा आवाज होता, कोशही होता आणि तिथे देव पाठीशी नव्हता. तिथे जमलेल्यांपैकी कुणालाही त्या क्षणी विचारलं असतं, तर उपस्थिती अगदी दाट जाणवते आहे, असंच त्यांनी सांगितलं असतं.

आमोस तकोवाचा मेंढपाळ, उंबरं टोचणारा माणूस. बेथेलच्या राजमान्य मंदिराच्या काळात तो देवाच्या वतीनं सांगतो, की तुमच्या गीतांचा गोंगाट मला नको, तुमच्या वाद्यांचं वादन मी ऐकणार नाही, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गाणी कदाचित उत्तमच असतील. गरिबांना पायताणाच्या किमतीत विकणारे लोक ती गात होते. स्तुती हेच देवाचं आसन असेल, तर या आसनाला त्यानं लाथ का मारली, याचं उत्तर शिकवणीकडून यायला हवं.

कर्मेल डोंगरावर तर आवाजानं देवाला बोलावण्याचा प्रयोगच झाला. बालाचे ४५० संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडले, नाचले, रक्त निघेपर्यंत स्वतःवर वार करून घेतले. एलीयाची प्रार्थना दोन वचनांत संपते. आवेश वाढवला की देव आवाक्यात येतो, या श्रद्धेची माणसं त्या डोंगरावर होती, पण ती एलीयाच्या बाजूला नव्हती.

माझ्या मते सर्वांत बोलका दाखला बाबेलचा आहे. बंदिवासातल्या लोकांनी तिथे वीणा झाडांना टांगल्या, परक्या मुलखात परमेश्वराचं गीत कसं गावं म्हणाले. गाणं थांबलं, त्याचं स्तोत्र झालं, ते १३७ वं. त्याच बंदिवासात, इसवी सनपूर्व ५९३ च्या सुमाराला, खबार नदीकाठी याजकाचा मुलगा यहेज्केल देवाचं वैभव पाहतो. तिकडे यरुशलेमेत मंदिर अजून उभं होतं आणि उपासना चालू होती. तेच वैभव त्या मंदिरातून उठून पूर्वेकडच्या डोंगरावर गेल्याचंही तो पाहतो, आणि देव त्याला सांगतो, की विखुरलेल्यांसाठी त्यांच्या मुलखात मीच थोडा काळ पवित्रस्थान झालो आहे. ज्या बंदिवासात वीणा मुक्या झाल्या, तिथे देव होता.

पूर्वजांचाच विषय निघाला आहे, तर स्तोत्र २२ ला आठवणारे पूर्वज पाहा. मिसरातले गुलाम. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायाअखेर देवानं काय ऐकलं? त्यांचं कण्हणं. आणि तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपातून तो मोशेला सांगतो, की मी त्यांना सोडवायला उतरलो आहे. मोशे आणि मिर्याम यांचं गाणं येतं पंधराव्या अध्यायात, समुद्राच्या पलीकडच्या काठावर. इस्राएलाची स्तवनं अशी जन्मतात. विटा थापणाऱ्या, मार खाणाऱ्या माणसांच्या कण्हण्यावर देव उतरला आणि डफ वाजला तो सुटका झाल्यावर. तिसऱ्या वचनातलं स्तवनांचं आसन ते हेच. देवानं केलेल्या सुटकेच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेल्या, त्या गाण्यांत त्याचं राजेपण घोषित होत राहिलं. ही गाणी ऐकत वाढलेला माणूस संकटात तीच देवापुढे ठेवून जाब विचारतो आहे.

आणि मग वधस्तंभ. मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात, की दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला आणि येशूनं याच स्तोत्राच्या पहिल्या वचनाची आरोळी मारली. शिपायांनी कपडे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले होते. खाली उभे असलेले याजक आणि शास्त्री या स्तोत्रातल्या निंदकांचीच भाषा बोलत होते. मग या शिकवणीला विचारायचं ते हेच. त्या तीन तासांत देव कुठे होता? टेकडीवर स्तुती नव्हती. शिष्य पळाले होते, बाया दुरून पाहत होत्या, ऐकू येत होती ती चेष्टा. स्तुतीशिवाय उपस्थिती नाही हा नियम खरा असेल, तर गुलगुथा हे पृथ्वीवरचं सर्वांत देवशून्य ठिकाण ठरतं. आपण तर उलटं मानतो. देवानं जग आपल्याशी समेटलं ते तिथेच, असं पौल करिंथकरांना लिहितो. टाकून दिल्याची ती आरोळीही खरी होती आणि देवाचं तिथे असणंही. माझा सगळा प्रतिवाद या एका ठिकाणी येऊन टेकतो. जी शिकवण वधस्तंभापाशी चुकते, ती रविवारच्या हॉलमध्ये बरोबर असू शकत नाही.

आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव घेऊन या मताला बळ दिलं जातं. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात संजीवन झालं. मुलींच्या प्रार्थनेचा आवाज दूरवर जाई, हे खरं. पण तिथे सुरुवात कशानं झाली? महिनोन्‌महिने गट करून केलेल्या प्रार्थनेनं आणि मग पापांच्या कबुलीनं, ढसाढसा रडण्यानं. त्यांतल्या कितीतरी मुली दुष्काळात अनाथ झालेल्या होत्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळातल्या उपासमारीनं गेले होते. दुःख बाजूला ठेवा, असं त्या अंगणात कुणी सांगितलं असतं, तर प्रार्थना करायला उरलं कोण असतं?

दुसरीही एक गोष्ट मला मराठी ख्रिस्ती म्हणून खटकते. देवाशी भांडण्याची, त्याला जाब विचारण्याची भाषा ज्या मातीत आहे, त्या मातीतले आपण. तुकोबांचे करुणापर अभंग आपल्या कानांवर लहानपणापासून आहेत. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं नारायण वामन टिळक सांगत. त्यांची पदं आपल्या गीतपुस्तकांत आहेत. बाविसावं स्तोत्र कसं वाचायचं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. ते आपण विसरलो आणि एका परक्या सभेत जन्मलेला नियम पाठ केला, याचं मला वाईट वाटतं.

राहिला अनुभवाचा मुद्दा. गाताना देव जवळ असल्याचं जाणवतं, ते खोटं का, असं विचारलं जातं. खोटं नाही. पण जाणीव आणि उपस्थिती यांना एक करून टाकलं, की जाणीव नसलेला प्रत्येक माणूस देवाविना ठरतो. ८८ वं स्तोत्र पाहा. ते अंधारात संपतं, शेवटच्या ओळीतसुद्धा स्तुतीकडे वळत नाही. तरी ते गायकांच्या हाती दिलेलं आहे, पवित्र शास्त्रात आहे. २२ व्या स्तोत्राच्या शीर्षकातही मुख्य गवयासाठी सूचना आहे, की पहाटेच्या हरिणीच्या चालीवर गावं. टाकून दिलेल्या माणसाची तक्रार ही इस्राएलाच्या उपासनेचं गीत होती. देवाचं आसन ज्या स्तवनांवर आहे, त्यांत हीही धरलेली आहे.

मग स्तुती कशासाठी करायची? याच स्तोत्राच्या उत्तरार्धात उत्तर आहे. बाविसाव्या वचनापासून हा माणूस मंडळीच्या मध्ये उभा राहून स्तुती करतो, आणि चोविसाव्यात कारण सांगतो: देवानं पिडलेल्याची पीडा तुच्छ मानली नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही. तो नवस फेडतो आणि सव्विसाव्यात दीन लोक पोटभर जेवतात. हे जेवण कुठून आलं? लेवीयच्या सातव्या अध्यायातला नियम असा, की उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. एका घराला ते संपणारं नव्हे. बोलवावंच लागे. या स्तोत्रातल्या स्तुतीची खूण पाहायची तर ती इथे आहे, शेजारचा गरीब जेवून उठतो त्यात.

म्हणून पाळकांना आणि गायनाची जबाबदारी असलेल्या तरुणांना माझी मागणी आहे. ‘तोंड उघडा म्हणजे उपस्थिती येईल’ हे वाक्य माइकवरून बंद करा. उपासनेच्या सुरुवातीला तिसरं वचन सांगायचंच असेल, तर स्तोत्र पहिल्यापासून वाचा, एकतीसच्या एकतीस वचनं; पाच मिनिटंही लागत नाहीत. मग गा. ज्यांना गाता येणार नाही त्यांना बसू द्या, आणि उपासनेनंतर त्यांच्या घरी जा, जाताना डबा घेऊन जा.